शेडमध्ये कुणाला काही झालं तर : कामावरच्या प्रथमोपचाराबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलची पंचतारांकित वसाहत आणि आपलं जुनं उद्यमनगर, या कोल्हापूर भागातल्या शेडमध्ये, म्हणजे कारखान्यांत, मी प्रथमोपचाराचे वर्ग घेतो. त्याआधी बावीस वर्षं फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात काढली. वर्गात कुणी फारसं विचारत नाही. वर्ग संपून चहा आला की मग एकेक जण जवळ सरकतो आणि खरा प्रश्न विचारतो. ते चहाच्या वेळचे प्रश्न इथे घेतलेत. मी डॉक्टर नाही. डॉक्टर येईपर्यंत शेजारच्या मशीनवरच्या माणसाने काय करायचं, एवढ्यापुरतंच हे आहे.

आमच्याकडे प्रथमोपचार पेटी आहे. अजून काय लागतं?

पेटीची किल्ली कुणाकडे आहे, ते आधी सांगा.

मी कामाला होतो त्या एका फौंड्रीत रात्रपाळीला एका फेटलरचा (ओतीव भाग घासून साफ करणाऱ्याचा) तळहात ग्राइंडरने फाटला. पेटी भिंतीवर होती, तिच्यावर लाल क्रॉसही होता आणि कुलूपही. किल्ली स्टोअरकीपरच्या खिशात, स्टोअरकीपर घरी झोपलेला. शेवटी घणाने कुलूप तोडलं. आत पिवळी पडलेली एक पट्टी, मुदत संपलेलं मलम आणि मागच्या दिवाळीचे बोनसचे रिकामे लिफाफे. त्या माणसाचं रक्त आम्ही मशीन पुसायच्या कॉटन वेस्टने थांबवलं. तेही तेलकट होतं. हात वाचला, पण त्यात आमचं कौतुक काही नाही.

तेव्हा पेटीला कुलूप नको. सामान चोरीला जातं ही तक्रार मी प्रत्येक शेडमध्ये ऐकतो. जाऊ दे. चार पट्ट्या घरी गेल्या तर कुणाच्यातरी पोराच्या गुडघ्याला लागल्या असतील.

कायद्याचं विचाराल तर जुन्या, १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ४५ ने दर १५० कामगारांमागे निदान एक पेटी ठरवली. ती कामाच्या सगळ्या वेळेत हाताशी हवी आणि प्रथमोपचार शिकलेल्या माणसाच्या ताब्यात हवी. ५०० च्या वर कामगार असतील तर वेगळी ॲम्ब्युलन्स रूम लागते. २०२० च्या नव्या कामगार सुरक्षा संहितेतही पेटीची जबाबदारी मालकाचीच आहे. पण 'कामाच्या सगळ्या वेळेत' यात रात्रपाळी येते, हे बऱ्याच ठिकाणी लक्षात राहत नाही. शिकलेला माणूस जनरल शिफ्टला असतो, आणि अपघात काही घड्याळ बघून होत नाहीत. सेंट जॉन ॲम्ब्युलन्स किंवा रेडक्रॉसचं प्रशिक्षण घेतलेला एक तरी माणूस प्रत्येक पाळीत हवा.

पेटीत काय ठेवायचं?

निर्जंतुक गॉजचे भरपूर तुकडे, वेगवेगळ्या रुंदीच्या रोलर पट्ट्या, त्रिकोणी पट्टी, चिकटपट्टी, बोथट टोकाची कात्री, हातमोजे, सलाइनच्या छोट्या बाटल्या, ओआरएसची पाकिटं, एक टॉर्च. फौंड्रीत आणि बॉयलरजवळ भाजल्यावर झाकायला स्वच्छ चादर. शिवाय एक वही आणि पेन, दोरीला बांधलेलं, नाहीतर ते टिकत नाही.

कापूस जखमेवर थेट लावू नका, धागे आत चिकटतात. गोळ्यांचं दुकान तर मुळीच मांडू नका. "डोकं दुखतंय, एक दे" करत पेटीचं मेडिकल होतं आणि कुणाला कशाची ॲलर्जी आहे ते कुणालाच ठाऊक नसतं.

चालता-बोलता माणूस धाडकन कोसळला. पहिलं काय करायचं?

आधी आजूबाजूला बघा. वायर उघडी आहे का, क्रेनला काही लटकतंय का, वायूचा वास येतोय का. दुसरा माणूस पडून उपयोग नाही. मग खांदे जोरात हलवून हाका मारा. उत्तर नाही, छाती वर-खाली होत नाही, किंवा मासा पाण्याबाहेर काढल्यावर करतो तसं मधूनच तोंड उघडून आचके देतोय, तर त्याला श्वास समजू नका. हृदय थांबलंय असं धरून चाला. एकाने १०८ लावायचा, फोन स्पीकरवर ठेवायचा आणि दुसऱ्याने सीपीआर सुरू करायचा.

इथे कोल्हापुरात एक घोळ हमखास होतो. "सीपीआर द्या!" असं ओरडलं की चार पोरं त्या माणसाला उचलून रिक्षात घालायला धावतात, कारण आपल्याकडे सीपीआर म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. एका वर्गात मी विचारलं, "सीपीआर म्हणजे काय?" तर एक मामा म्हणाले, "दसरा चौकाजवळ." हसू आलं, पण त्या दिवसापासून मी वर्गात 'छाती दाबा' असंच म्हणतो. तुम्हीही तसंच ओरडा. मेंदूला रक्त मिळालं नाही तर चार-पाच मिनिटांत इजा व्हायला लागते, आणि शिरोलीहून दसरा चौक चार मिनिटांत कुणी गाठलेला नाही.

माणूस कडक जमिनीवर उताणा. छातीच्या मधोमध, हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर एका तळहाताची टाच, तिच्यावर दुसरा हात. कोपर ताठ. पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाबायचं आणि प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. वेग मिनिटाला १०० ते १२०, म्हणजे सेकंदाला दोनच्या आत-बाहेर. खासबागेतली कुस्तीची हलगी ऐकून वाढलेल्याचा हात आपोआप पळायला लागतो, त्याला आवर घाला. तालमीतल्या पोरांना आणखी एक सांगणं. ही दंडाची ताकद नाही, अंगाचं वजन आहे. दंडाने दाबाल तर दोन मिनिटांत पहिलवानही थकतो. म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदला.

तोंडाने श्वास द्यायला शिकला असाल तर ३० दाबांमागे २ श्वास. येत नसेल तर नुसती छाती दाबत राहा, मधे थांबू नका. काही मोठ्या कंपन्यांत भिंतीवर एईडी, म्हणजे हृदयाला शॉक देणारं यंत्र असतं. ते यंत्र चालू केलं की पॅड कुठे चिकटवायचे, ते स्वतःच बोलून सांगतं. घाबरू नका, गरज नसेल तर ते शॉक देत नाही.

बरगडी मोडली तर? पोलीस मागे लागले तर?

बरगडी कधीकधी मोडते. मोडली तर जुळते.

पोलिसांची भीती जुनी आहे आणि ती उगाच आलेली नाही, हे मी मान्य करतो. पण १९८९ मध्ये परमानंद कटारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की जखमीवर आधी उपचार, कागद नंतर. हे सरकारी आणि खाजगी, दोन्ही डॉक्टरांना लागू आहे. रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला तर २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ घालून संरक्षण दिलंय. कामावरच्या अपघातात रुग्णालय एमएलसी (मेडिको-लीगल केस) करतं, ती त्यांची रीतसर नोंद असते. ती झाली म्हणजे तुम्ही आरोपी झालात असं नाही.

करंट लागून माणूस मशीनला चिकटला असेल तर?

हात लावायचा नाही. मित्र असो, भाऊ असो. मेन बंद करा. मेन कुठे आहे हे शेडमधल्या हेल्परलाही माहीत हवं. मी विचारतो तेव्हा अर्ध्या शेडमध्ये बोटं वेगवेगळ्या भिंतींकडे जातात. मेन सापडतच नसेल आणि घरगुती दाबाची लाइन असेल, तर कोरड्या लाकडावर उभं राहून कोरड्या लाकडी दांडक्याने त्याला बाजूला ढकला. पावसाळ्यात आपल्याकडे लाकूड कोरडं असतंच असं नाही, ते बघा. ट्रान्सफॉर्मर किंवा हाय टेन्शन असेल तर जवळही जाऊ नका, महावितरणने लाइन बंद केल्याशिवाय नाही.

सुटल्यावर श्वास नसेल तर छाती दाबा. उठून बसला, "काय झालं नाय" म्हणाला, तरी दवाखान्यात न्या. करंटने हृदयाचा ठोका नंतरही बिघडतो आणि आतलं भाजलेलं बाहेरून दिसत नाही.

भट्टीजवळ पोळलं तर हळद लावायची की टूथपेस्ट?

दोन्ही नाही. तूप, शाई, बटाट्याचा कीस, यातलं काही नाही. वाहतं साधं पाणी, सलग वीस मिनिटं. बर्फही नाही. वीस मिनिटं म्हणजे किती, हे घड्याळ लावून एकदा बघाच. बहुतेक जण दोन मिनिटांत नळ बंद करून मोकळे होतात. लगेच जमलं नाही तरी तीन तासांच्या आत पाण्याखाली धरल्याचा फायदा होतो.

ओतकामात मात्र एक गोष्ट आधी. पातळ लोखंड १३००-१४०० अंशांचं असतं. त्याच्या जवळ पाणी गेलं की वाफेचा स्फोट होतो. म्हणून पाणी माणसाकडे आणू नका, माणसाला पाण्याकडे न्या, भट्टी आणि लेडलपासून (पातळ लोखंड ओतायच्या भांड्यापासून) चांगलं लांब. बुटात शिंतोडा गेला असेल तर बूट क्षणात उतरवा. घड्याळ, कडं, अंगठी सूज यायच्या आत काढा. कातडीला चिकटलेला कपडा ओढू नका, बाजूने कापा. फोड फोडू नका. नंतर स्वच्छ चादरीने सैल झाका. भाजलेला भाग मोठा असेल तर पाणी भाजलेल्या जागेपुरतंच ठेवा आणि बाकीचं अंग उबदार राहू द्या.

साखर कारखान्यात रस निवळायला चुना वापरतात. अंगावर कोरडा चुना पडला तर पाण्याआधी तो झटकून काढा, मग भरपूर पाणी. हुपरीकडे चांदीच्या कामात ॲसिड वापरतात, तिथे झटकाझटकी नको, लगेच पाणी. ॲसिडवर सोडा ओतायचा उद्योग करू नका.

पॉवर प्रेसमध्ये बोट तुटलं. बोट बर्फात घालून न्यायचं ना?

थेट बर्फात नाही. बर्फाने मांस मरतं, मग ते बोट जोडता येत नाही. सलाइनने किंचित ओल्या केलेल्या गॉजमध्ये बोट गुंडाळा, ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा, आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. रसवंतीवाल्याकडे बर्फ असतो. पिशवीवर नाव आणि वेळ लिहा. बोट सापडत नसेल तर माणसाला थांबवून ठेवू नका. एकाने शोधायचं, बाकीच्यांनी निघायचं.

रक्त थांबवायला गॉज ठेवून हाताने घट्ट दाबा आणि दाब सोडू नका. दर अर्ध्या मिनिटाला उचलून 'थांबलं का' बघायची खोड असते, त्याने जमलेली गाठ निघून येते. गॉज भिजला तर त्यावरच दुसरा. हात किंवा पायातून धार लागली आणि दाबूनही थांबत नसेल, तरच जखमेच्या वर चार-पाच बोटांवर रुंद पट्टा आवळा. सांध्यावर नाही, तारेने किंवा सुतळीने नाही. बांधल्याची वेळ त्या माणसाच्या अंगावर पेनाने लिहा. सळई, छिन्नी काही आत रुतलं असेल तर उपसू नका, हलणार नाही असं दोन्ही बाजूंनी बांधा.

डोळ्यात ग्राइंडिंगचा कण गेला. शेजारचा रुमालाच्या टोकाने काढतो, चालेल?

रुमालाने नको, काडीने नको, लोहचुंबकानेही नको (हो, हेही बघितलंय). डोळा चोळू द्यायचा नाही. पाण्याने धुवा. नाही निघाला तर सैल झाकून डोळ्यांच्या डॉक्टरकडे. रसायन उडालं असेल तर नळाखाली पापणी उघडी धरून निदान वीस मिनिटं धुवायचं, पाणी चांगल्या डोळ्याकडे वाहू न देता.

छातीत दुखतंय, पण तो म्हणतो गॅस झालाय. कुणाचं ऐकायचं?

त्याचं नाही. रात्री तांबडा-पांढरा रस्सा ओरपलेला असो वा सकाळी मिसळ, छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, यांतलं काही असेल तर हार्ट अटॅक धरून चाला. मधुमेह असलेल्यांना आणि बायकांना कधीकधी छातीत दुखतही नाही. नुसती धाप, मळमळ, गळाल्यासारखं होतं. सोडा पाजून अर्धा तास वाट बघणं यात माणसं गेलेली मी पाहिलीत. सुपरवायझरला सांगायला पायऱ्या चढून जाणं, मग स्वतः बाइक मारत दवाखान्यात जाणं, हेही तसंच.

त्याला जागेवर बसवा, पाठ टेकवा, कपडे सैल करा, १०८ लावा. शुद्धीत असेल, ॲलर्जी नसेल, पोटात रक्तस्राव झालेला नसेल, तर १०८ च्या डॉक्टरला विचारून ३०० ते ३२५ मिलीग्रॅम ॲस्पिरिन चावायला द्या. दुसऱ्याच्या खिशातली जिभेखालची गोळी देऊ नका, रक्तदाब एकदम खाली येतो.

तोंड वाकडं झालं, एक हात वर उचलेना, बोलणं जड झालं, तर तो पक्षाघात. तिथे ॲस्पिरिन नाही, खायला-प्यायला काही नाही. गाठ विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. म्हणून 'शेवटचा धड कधी दिसला होता' ती वेळ लिहून न्या. डॉक्टर पहिलं तेच विचारतात.

फिट आली तर कांदा किंवा पायताण हुंगवतात, त्याने थांबते का?

फिट बहुतेक वेळा आपणहून एक-दोन मिनिटांत थांबते, श्रेय पायताणाला मिळतं. कोल्हापुरी पायताण कितीही अस्सल असलं तरी त्याचा उपयोग पायातच.

आजूबाजूचं टोकदार सामान हलवा, डोक्याखाली काहीतरी मऊ घाला, वेळ बघा. हातपाय दाबून धरू नका. दातांत चमचा, किल्ली, बोट काही घालू नका. झटके थांबले की कुशीवर वळवा, म्हणजे लाळ बाहेर पडते. पाच मिनिटांच्या वर चाललं, लागोपाठ दुसरी आली, किंवा आयुष्यात पहिल्यांदाच आली असेल, तर १०८. शुद्धीवर आल्यावर त्या माणसाला गर्दीचा सगळ्यात त्रास होतो. बघ्यांना कामाला लावा.

शुगरचा पेशंट थरथरायला लागला. साखर द्यायची की नाही?

द्यायची. उपाशीपोटी डबल ड्यूटी करणाऱ्यांत हे नेहमी दिसतं. घाम, थरथर, बरळणं, उगाच चिडणं. लोकांना वाटतं घेऊन आलाय. शुद्धीत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून, किंवा गुळाचं पाणी. गूळ आपल्याकडे कमी नाही. पंधरा मिनिटांत फरक पडला नाही तर पुन्हा एकदा. मग भाकरी-चपाती काहीतरी खायला. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही.

टाकीत उतरलेला माणूस हाकेला ओ देत नाही. उतरून बघू?

नाही.

हा प्रश्न वाचून तुम्ही पुढे जाल म्हणून थांबवतो. मळीची टाकी, सांडपाण्याची टाकी, सेप्टिक टँक, बायोगॅस, यात एक माणूस गेल्याच्या बातम्या फार येत नाहीत. दोन, तीन, चार जण गेल्याच्या येतात. पहिल्याला काढायला दुसरा उतरतो, दुसऱ्याला काढायला तिसरा. बहुतेक वेळा नात्यातलेच. हायड्रोजन सल्फाइड सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास देतो, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. 'आता वास नाही, हवा साफ झाली' असं वाटतं तेव्हाच तो सगळ्यात घातक असतो. तोंडाला ओला रुमाल बांधून काही होत नाही. तिथे हवेत प्राणवायूच नसतो, रुमाल तो कुठून आणणार?

वरून ब्लोअरने ताजी हवा सोडा, अग्निशमन दलाला १०१ वर फोन करा आणि सिलिंडरचा मास्क लावलेला माणूस येईपर्यंत वरच्यांना धरून ठेवा. ते सगळ्यात अवघड काम आहे. आधीच करण्यासारखी गोष्ट एकच : उतरणाऱ्याच्या अंगात हार्नेस, त्याची दोरी वर तिपाईला, आणि वर एक माणूस सतत हजर. मग खेचून काढता येतं, उतरावं लागत नाही.

१०८ ला काय सांगायचं? आणि पुरात काय?

'एमआयडीसीत या' हे सांगणं म्हणजे काहीच न सांगणं. प्लॉट नंबर, जवळचा चौक, कोणत्या गेटने यायचं, किती माणसं, शुद्धीत आहेत का, श्वास आहे का. समोरच्याने ठेवेपर्यंत फोन ठेवायचा नाही. एक माणूस हमरस्त्यावर उभा करा. उद्यमनगरातल्या बोळांत टेम्पो लागलेले असतात, ते आधी हलवा.

पुराचं वेगळं नियोजन लागतं आणि ते जूनमध्येच करायचं. शिरोली पंचगंगेच्या पलीकडे. राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. २०१९ आणि २०२१ ला महामार्गावर पाणी आलं आणि शिरोलीचा शहराशी रस्ता तुटला. तेव्हा सीपीआर कितीही जवळ दिसलं तरी पोचता येत नाही. ३९ ला पाणी लागलं की शिरोलीच्या शेडनी हातकणंगले-इचलकरंजीच्या बाजूची रुग्णालयं ठरवून ठेवावीत, कुठे हाडांचे डॉक्टर आहेत, कुठे रात्री ईसीजी होतो, हे फोन करून विचारून. वॉचमनच्या टेबलावर तो कागद चिकटवा. मोबाइलमध्ये नको. पुरात लाइट जाते आणि मोबाइल बंद पडतात.

नंतर कागदपत्रं काय?

अपघात कितीही किरकोळ असो, वहीत त्याच दिवशी लिहा. वेळ, जागा, बघणारा कोण. ईएसआयमध्ये (कामगार राज्य विमा योजनेत) असलेल्याला कामावर झालेल्या इजेसाठी पहिल्या दिवसापासून हक्क मिळतो, किती महिने वर्गणी भरली याची अट नसते. डॉक्टरने कामाला अपात्र ठरवलं तर त्या काळात साधारण ९० टक्के पगाराइतका भत्ता मिळतो. पण 'घरी पाय घसरला' असं दवाखान्यात सांगितलंत तर तो हक्क तिथेच गेला. असं सांगायला लावणारे भेटतात. खरं ते सांगा.

ज्याने मदत केली त्या पोराचं काय?

हा प्रश्न मला एकदाच, एका आईने विचारला. तिच्या मुलाने मित्राचं तुटलेलं बोट पिशवीत घालून नेलं होतं. बोट जोडलं गेलं. मित्र कामावर आला. हा मात्र जेवेना, प्रेसचा आवाज आला की दचकायचा, आणि घरात कुणाला कळेना की लागलं तर दुसऱ्याला, मग ह्याला काय झालं. तुमच्या शेडमध्ये असं कुणी असेल तर त्याला बाजूला घेऊन चहा पाजा आणि बोलू द्या. पंधरा दिवसांत झोप आली नाही तर डॉक्टरकडे न्या. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला त्याच प्रेसवर एकट्याला उभं करू नका.